सोमलाची फेक

१९६२ साल. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. आमच्या ब्राह्मणपुरीत काय, सबंध शहादा तालुक्यात माझ्याइतकं जड लोखंड माझ्याइतकं लांब फेकणारा, एक सोडला तर, दुसरा माणूस नव्हता. हे मी गर्वाने लिहितो आहे. गर्व करू नये असं ज्याला वाटतं त्याने आधी सोळा पौंडांचा गोळा तारेला बांधून डोक्याभोवती फिरवावा आणि मग मला नम्रता शिकवायला यावं. शाळा मी चौथीपर्यंत केली. चौथीची परीक्षाही दिली नाही, कारण त्या दिवशी वडिलांकडे घण मारायला माणूस नव्हता. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका ज्यांना काढायच्या त्यांनी खुशाल काढाव्यात. गोष्टीतली चूक कोणाला सापडायची नाही.

आमचं घर म्हणजे पुढे भट्टी आणि मागे चूल. मधे एक कुडाची भिंत, तीही धुराने इतकी काळी की चुलीचा धूर कुठला आणि भट्टीचा कुठला, ते देवाला ठाऊक. सकाळी जाग यायची ती भात्याच्या आवाजाने. म्हातारा बैल झोपेत श्वास घेतो तसा तो आवाज. मग आबांचा हातोडा ऐरणीवर दोनदा रिकामा वाजायचा, टण टण, म्हणजे मी उठून घण घ्यावा. आबा म्हणजे माझे वडील. कोणाला नावाने हाक मारायची त्यांना सवयच नव्हती, ऐरणच हाक मारायची. ऐरण चालू असताना बोलायचं तर ओरडावं लागे, आणि ऐरण बंद झाली तरी आवाज खाली येत नसे. आमच्या घरात ‘मीठ दे’ हेसुद्धा भांडण लागल्यासारखं ऐकू जायचं. नवीन माणूस दारात आला की थबकायचा, आत काय मारामारी चालली आहे की काय म्हणून. मी पुढे जन्मभर मोठ्याने बोललो, साहेबांपुढेही बोललो, आणि लोकांनी त्याला उर्मटपणा म्हटलं. उर्मटपणा नव्हता तो. ती आमच्या घरची बोली होती.

माय कळण्याची भाकर करायची. ज्वारीत उडीद घालून दळलं की आमच्याकडे त्याला कळणा म्हणतात. भाकर अशी जाड की मधोमध मोडली तर आतून वाफ निघायची. वर शेंगदाण्याचं कच्चं तेल आणि लाल मिरचीचा भुरका. गुजर पाटलांच्या बाया पातळ पोळ्या करायच्या, त्या पाहून एकदा मी मायला म्हटलं, तू का नाही करत तशा? ती म्हणाली, “घणवाला हात शे तुन्हा. पातळ पोळी तुले कशी पुरी? दोन घासमा सरी जाई, मंग काय तवा खाशी?” पुढे खेळाडूंच्या शिबिरात एका साहेबाने मला विचारलं, तुझा आहार काय? मी सांगितलं, कळणा. त्याने ते लिहूनसुद्धा घेतलं नाही.

आता सोमलाचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आबा नांगराचे फाळ, कुऱ्हाडी, गाडीच्या चाकांच्या धावा हे सगळं करायचे. पण त्यांचा खरा जीव घोड्याला नाल ठोकण्यात. तापीकाठी घोड्यांचा मोठा बाजार भरायचा, तिथे आम्ही दरवर्षी भट्टी घेऊन जायचो. लांबलांबचे घोडेवाले यायचे. घोड्याचा पाय मांडीवर घेतला की आबा आधी त्याच्या डोळ्यात पाहायचे, मग खुराकडे. काही घोडे असे चमकायचे की जणू तेल चोपडलंय. मान ताठ, कान उभे, जमिनीवर पाय ठरत नाही. गिऱ्हाईक भुलायचं. आबा माझ्या कानात ओरडायचे, त्यांची कुजबुजही ओरडूनच असायची, “सोमलना घोडा शे!” सोमल म्हणजे विष. उंदीर मारायचं. लबाड घोडेवाले म्हाताऱ्या, थकल्या घोड्याला तेच चिमटी चिमटी चारायचे. बाजारापुरतं जनावर तरणंताठं दिसायचं. घरी नेलं, चारणं थांबलं, की महिन्या-दोन महिन्यांत त्याचे पाय जायचे. असा एक घोडा पाय दुमडून बसलेला मी पाहिला आहे. त्याचा मालक त्याला चाबकाने मारत होता, आणि घोडा नुसता पाहत होता. आमच्याकडे शिवी म्हणूनही तो शब्द होता. उसनं अवसान आणणाऱ्या माणसाला म्हणायचे, सोमल खाई उना का? म्हणजे, सोमल खाऊन आलास का?

हातोडाफेकीत मी आलो तो एका चुकीमुळे, आणि ती चूक आमच्या गावाकडूनच होऊ शकते. शहाद्याला तालुक्याच्या खेळांत ‘हातोडाफेक’ आहे, मोठ्या माणसांनाही भाग घेता येईल, अशी दवंडी आली. जगन पाटील म्हणून आमच्या गावचे मोठे बागायतदार होते, केळीवाले. ते थेट भट्टीवर आले आणि म्हणाले, “आते हातोडा लोहारना पोऱ्या नही फेकी ते काय शिंपी फेकी? गावनं नाव ऱ्हायनं पाहिजे.” आबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एवढंच बजावलं, “फेकाले हरकत नही. पन घण परत आनजो.”

आणि मी खरोखर घण घेऊन गेलो! खांद्यावर टाकून, गावच्या बैलगाडीतून, मागे पाचपन्नास माणसं. मैदानावर पंच म्हणाले, हे काय आणलंस? मी म्हटलं, हातोडा. ते हसून लोळायचे बाकी राहिले. मग त्यांनी तारेला लटकवलेला लोखंडी गोळा दाखवला, टोकाला पकडायला कडी. मी विचारलं, “हाऊ हातोडा? मंग याले दांडा कोठे शे?” सगळं मैदान हसलं. मला राग आला. हसणं थांबवायचा एकच मार्ग मला माहीत होता. मी म्हटलं, आधी माझा फेकतो, मग तुमचा. आणि घण गरगरा फिरवून सोडला. तो पाहुण्यांच्या मांडवाचा एक दोर तोडून पलीकडे पडला. मांडव एका अंगाला कलला, पाहुण्यांची टोपी पडली, आणि हसणं थांबलं. मग त्यांचा तारेचा गोळा हातात घेतला. पहिल्यांदा मीच गोळ्यामागे ओढला जाऊन तोंडावर पडलो. दुसऱ्या वेळी कळलं की ह्याला मारायचं नसतं, ह्याच्याबरोबर फिरायचं असतं. गोळा तुम्हाला ओढतो, तुम्ही त्याला ओढता, आणि दोघांचं भांडण ऐन रंगात आलं की सोडून द्यायचं. माझ्या आयुष्यात मला एवढं पटलेलं दुसरं काहीच नाही.

घरी आल्यावर आबांनी कापसाच्या जिनिंगमधलं मोडकं लोखंड तापवून मला गोळा ठोकून दिला. तो गोल काही झाला नाही, बटाट्यासारखा झाला. कुंपणाची तार पिळून लावली. कापूस वेचून झाल्यावर रिकाम्या पडलेल्या शेतात मी तो बटाटा फेकायचो. एकदा तार हातातून निसटली आणि गोळा बांध ओलांडून जगन पाटलांच्या बागेत गेला. घड लागलेलं केळीचं झाड मधोमध तुटलं. पाटील धोतर सावरत आले. मला वाटलं, आता मार. ते म्हणाले, “काय रे, मन्ही केळ काय तुन्ही वैरीन शे?” मग अंतर पाहिलं, बांध पाहिला, परत मला पाहिलं. “एवढा लांबथीन?” असं म्हणून त्यांनी तो घड कापला आणि माझ्याच खांद्यावर दिला. “ने. खा आनि आखो फेक. पन तोंड तिकडे कर.”

असा मी तीन वर्षं फेकत होतो. त्यात माझा जोडीदार झाला गुलाब. हा कळसाडी गावचा, उसाच्या मळ्यात राबणारा, माझ्यापेक्षा वीतभर उंच. आवाज मात्र बाईसारखा बारीक, त्यामुळे सारखी थट्टा व्हायची. तालुक्याला कधी तो पहिला, कधी मी. आम्ही एकमेकांना शिव्या द्यायचो आणि एकाच ताटात जेवायचो. मग बासष्टला धुळ्याला मोठी निवड ठरली. हातोड्यात पहिला येईल त्याला राज्याच्या संघात जागा, आणि एका मोठ्या गिरणीत खेळाडू म्हणून कायमची नोकरी. बाजारात तयार फाळ येऊ लागले होते, भट्टी दिवसातून निम्मा वेळ थंड असायची. ती नोकरी मला हवी होती. गुलाबला तर माझ्याहून जास्त हवी होती, त्याचं लग्न ठरलं होतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे लोक म्हणाले, ह्या लोहाराला काही पडलेलीच नव्हती. पडली होती. चांगलीच पडली होती.

धुळ्याला एका शाळेत आमचं शिबिर होतं. बाकं भिंतीला लावून आम्ही फरशीवर झोपायचो. शिकवायला होते त्यांना सगळे कप्तानसाहेब म्हणायचे. फौजेत होते म्हणे, कप्तान होते की नव्हते, कोणी विचारलं नाही. कडक इस्त्री, मिशीला पीळ, आणि हातोड्याची जाण मात्र खरी. माझी गिरकी त्यांनीच सुधारली, टाच कुठे टेकायची ते शिकवलं. त्यांचं ऋण मी नाकारत नाही. पण माणसाने गिरकी शिकवली म्हणून त्याच्या हातातलं सगळंच गिळायचं असं नाही. एका दुपारी जेवणानंतर त्यांनी मला बोलावलं आणि कागदाच्या पुडीतून एक पांढरी गोळी काढून तळहातावर ठेवली.

“घे. विलायती आहे. लढाईत विमानवाले खायचे. रात्र-रात्र झोप नाही, थकवा नाही.”

मी म्हटलं, “साहेब, मी आजारी आहे का?”

“आजारी असतास तर दिली नसती. आजाऱ्याला बरं करतं ते औषध वेगळं. हे बऱ्याला वाघ करतं.”

“मंग माले नको. माले वाघ नही व्हनं. माले हातोडा फेकना शे.”

साहेबांशी मी जमेल तसं शाळेतलं मराठी बोलायचो, पण हट्टाला पेटलो की तोंडातून अहिराणीच यायची. ते हसले. “अडाणी आहेस. तुझा गुलाब बघ, आठ दिवस घेतोय.”

हे मला माहीत नव्हतं. पण ऐकलं आणि आठ दिवसांतलं सगळं डोळ्यांसमोर आलं. गुलाब रात्री झोपत नव्हता, फरशीवर उठून बसायचा आणि बोलत सुटायचा. एरवी तासाला एक वाक्य बोलणारा माणूस! मायने पाठवलेल्या भाकरी आम्ही वाटून खायचो, त्याला आता भूक नव्हती. बसल्या बसल्या दात खायचा, कराकरा. आणि मैदानात मान ताठ, डोळे लकाकणारे, जमिनीवर पाय ठरत नाही. मी त्याला नळावर गाठलं आणि विचारलं, गोळी खातोस का? तो म्हणाला, “हां, खास मी. त्यामा काय? साहेब देस. चोरीनं खास का?” मी म्हटलं, तुला सोमल चारताहेत. तो त्याच्या बारीक आवाजात हसला. “घोडा समजस का माले?” म्हटलं, हो. मला नाही, त्या साहेबाला वाटतोस तू घोडा. आमचं बोलणं तिथेच तुटलं.

निवडीच्या दिवशी आबा पहाटेच्या एसटीने आले होते, गाठोड्यात भाकरी घेऊन. ते दोरीपलीकडे उकिडवे बसले. ऊन चांगलं तापलं होतं. कर्ण्यातून एक मास्तर प्रत्येकाचं नाव, गाव आणि फेक सांगत होते. माझी तिसरी फेक अशी गेली की फीत धरणारा माणूस धावत मागे सरकला. मी पहिला होतो. हे नीट लक्षात ठेवा, मी पहिला होतो. हरलो म्हणून ओरडलो असं ज्यांनी पुढे गावोगाव सांगितलं ते खोटं बोलले. मधल्या सुटीत चहा आला. गुलाबच्या हातात कपबशी थरथरत होती, चहा सगळा बशीत सांडला. त्याच्या गळ्याची शीर उडताना मला चार हातांवरून दिसत होती. तोंडाला फेस नव्हता एवढंच. आणि कप्तानसाहेब तंबूच्या आडोशाला त्याला आणखी एक गोळी देत होते. एक नव्हे, दोन. गुलाबने तोंड उघडलं आणि त्यांनी आत टाकल्या, जनावराला औषध पाजतात तशा.

मी उठलो आणि पंचांच्या टेबलापाशी गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. आवाज मात्र आमच्या घरचा होता. “याले सोमल चारी ऱ्हायनात! बठास्नी देखा! मानूसले सोमल चारी ऱ्हायनात!” कर्णा चालू होता, टेबलाजवळच होता. सबंध मैदानाने ऐकलं. धुळ्याची माणसं, सोमल म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत. बाया उठून उभ्या राहिल्या. कोणी म्हणालं, विषप्रयोग झाला. पोलीस धावत आले.

इथे मी माझी फजिती लपवणार नाही. मैदानावर एक डॉक्टर नेमलेले होते, टापटिपीचे, चष्मेवाले. त्यांनी कप्तानसाहेबांकडून पुडी मागून घेतली, गोळी सगळ्यांना दाखवली आणि कर्ण्यावर म्हणाले, “बंधू-भगिनींनो, हा सोमल नाही. हे झोप उडवायचं साधं औषध आहे. परीक्षेला विद्यार्थी घेतात. विष असेल तर मी आपल्यासमोर मरून पडेन.” आणि गोळी तोंडात टाकून वर पाणी प्यायले. लोक दम धरून पाहत राहिले. डॉक्टर काही मेले नाहीत. त्यांनी रुमालाने चष्मा पुसला. मग जे हसू फुटलं! शहाद्याला घणावर हसले होते ते काहीच नाही. कोणीतरी ओरडलं, “लोहारबुवा, तुमीबी खा एक, डोकं चाली!” दोरीपलीकडे आबांनी मान खाली घातली. ती खाली गेलेली मान मला हसण्यापेक्षा जास्त लागली.

स्पर्धेचे जे मोठे अधिकारी होते ते शांतपणे मला म्हणाले, “गैरसमज झाला, माफ करा, एवढं कर्ण्यावर बोल. तुझ्या अजून फेकी बाकी आहेत. तू पहिला आहेस. गोळी घेऊ नये असा आपल्याकडे कुठलाच नियम नाही, मग तक्रार कशाची?” माणूस वाईट नव्हता. त्याला मला वाचवायचं होतं. आणि नियम नव्हता हेही खरं. आता आहे. आता टीव्हीवर डोपिंग-डोपिंग म्हणतात, बाटलीत लघवी घेतात, पदकं काढून घेतात. नातू मला दाखवतो आणि म्हणतो, आजोबा, तुम्ही बरोबर होता. मी त्याला सांगतो, अरे, मी बरोबर आहे हे मला तेव्हाच माहीत होतं, त्यासाठी बाटली लागली नाही. आईला शिवी देऊ नये असाही नियम त्या मैदानावर कुठे लिहिलेला नव्हता.

मी कर्ण्यापाशी गेलो. मास्तरांनी तो माझ्यापुढे धरला. माफी मागतोय म्हणून लोक गप्प झाले. मी म्हणालो, आणि हे मी मराठीत बोललो, जमेल तसं, सगळ्यांना कळावं म्हणून: “डॉक्टर खरं बोलले. तो सोमल नाही. तो शब्द मी मागे घेतो. पण मास्तर, मघापासून तुम्ही फेकणाऱ्याचं नाव आणि गाव सांगताय. आता ह्याच्यापुढे फेक झाली की गोळीचंही नाव सांगा. कोणत्या दुकानातली, कोणत्या साहेबाच्या खिशातली, तेही सांगा. माझी फेक मायच्या भाकरीची आहे, ते मी सांगतो. तुमची कशाची आहे ते तुम्ही सांगा. लाज नसेल तर सांगायला काय हरकत आहे?”

कोणी हसलं नाही. टाळ्याही नाहीत. मास्तरांनी कर्णा हळूच काढून घेतला. कप्तानसाहेबांच्या मिशीचा पीळ हलत होता. ते पंचांना एवढंच म्हणाले, “काढा ह्याला.” बेशिस्त म्हणून माझं नाव खोडलं, आधीच्या फेकींसकट. म्हणजे त्या दिवशी मी धुळ्याला काही फेकलंच नाही, असं झालं. गुलाब गोलात गेला. त्याची शेवटची फेक माझ्यापेक्षा हातभर कमीच पडली. माझ्या डोळ्यांना फीत लागत नाही. पण पहिला तोच आला. कर्ण्यावर त्याचं नाव आलं, कळसाडी आलं. गोळीचं नाव काही आलं नाही.

गुलाब संध्याकाळी मला शाळेच्या दारात भेटला. गळ्यात हार तसाच होता. मला वाटलं होतं, ओशाळेल. तो उलटा अंगावर आला. “तुन्हं काय पोट दुखं रे? माले नोकरी लागी ऱ्हायनी ते देखाई नही ऱ्हायनं तुले? बठा मानसेसमोर घोडा करी दिधा माले!” मी म्हटलं, घोडा मी नाही केला. त्याने माझी गचांडी धरली. मीच तो हात सोडवला, हळू. त्याला आणखी काही बोललो नाही. गुलाब आता नाही. त्या नोकरीत त्याचं पुढे काय झालं, शरीराचं काय झालं, ते मला माहीत आहे. पण त्याची मुलं आहेत, सुना आहेत, ती सगळी हे वाचतील. तेव्हा तो भाग माझ्याबरोबरच जाईल.

आबांनी गाठोडं सोडलं. आम्ही मैदानाबाहेरच्या लिंबाखाली बसून खाल्लं. मग ते म्हणाले, “सोमल म्हनाले नको व्हतं. सोमल नही ना तो.”

“माहीत शे आते.”

“माफी मांगी लेता. दोन शबद. पहिला व्हता तू.”

“तुम्ही मांगतात का?”

आबांनी उरलेली भाकर बांधली. शेवटची एसटी लागली होती. ते उठले, धोतर झटकलं. “चाल. घर चाल. आठे आते काय शे आपलं?”

मी म्हटलं, तुम्ही जा. मी नाही येत. ते म्हणाले, नोकरी गेली, नाव खोडलं, आता काय मैदान उपटून आणशील? मी म्हटलं, उद्या थाळीवाले आहेत, भालेवाले आहेत, धावणारे आहेत. तोरणमाळच्या डोंगरातले पावरे आदिवासी येणार आहेत, त्यांना तर साहेब काय देतो आणि का देतो ते विचारायचीही भाषा येत नाही. आबा माझ्याकडे पाहत राहिले. बापाचं न ऐकायची आमच्यात पद्धत नव्हती, आणि ते उभे असताना मी कधी बसून बोललो नव्हतो. त्या संध्याकाळी मी बसूनच राहिलो. एसटीचा भोंगा वाजला. त्यांनी गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि मागे न पाहता गेले.

रात्र धर्मशाळेच्या ओट्यावर काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, फाटक उघडायच्या आधी, मी मैदानाच्या दारात जाऊन उभा राहिलो. जो जो खेळाडू येईल त्याला थांबवून सांगू लागलो: आत एक साहेब पांढरी गोळी देतील, घेऊ नका. विचारा, कशाची आहे. सांगितलं नाही तर त्यांच्यासमोर थुंकून टाका. पावरे आले त्यांना हातवाऱ्यांनी सांगितलं, गोळी, तोंड, मग काळीज कसं धडधडतं ते छातीवर मूठ आपटून दाखवलं. त्यांच्यातला एक म्हातारा मान हलवून आत गेला. काही जण हसले, काहींनी वेडा समजून वळसा घातला. दोघा-तिघांनी मात्र थांबून सगळं ऐकलं. मग हवालदार आला. काठीने जमिनीवर रेघ ओढून म्हणाला, “हे मैदान स्पर्धेवाल्यांच्या ताब्यात आहे. इथे उभं राहायचं नाही.” मी विचारलं, आणि रस्ता? तो म्हणाला, रस्ता सरकारचा. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो, फाटकाकडे तोंड केलं, आणि तिथून सुरुवात केली. आवाज आरामात पोहोचत होता.